आधी विहीर की आधी माणसं

आमच्या घराला कोळीवाड्यात गाठवाले म्हणतात. आधार कार्डावर वेगळं आडनाव आहे, पण ते बँकेत उपयोगी पडतं, इथे नाही. इथे लहान पोरगं पण सांगेल, गाठवाल्यांची हेमांगी ना, तिच्या नादाला लागू नको.

कारण जुनं आहे. माझ्या आजाचा आजा धोंडिराम मुंबईला गोदीत कामाला जायचा. प्लेगच्या साली तो काखेत गाठ घेऊन गुपचूप घरी आला आणि कोणाला बोलला नाही. तेव्हा आमचा कोळीवाडा इथे अंधेरीला टॉवरच्या मागे नव्हता. खाडीच्या पलीकडे तिवरांच्या झाडीत होता, त्याला आता जुनी वाडी म्हणतात. धोंडिराम चार दिवसांत गेला. महिन्याभरात निम्मी वाडी गेली. उरलेले होड्यांत भांडीकुंडी टाकून इकडे आले ते इकडचेच झाले.

ही गावाची गोष्ट. आमच्या घरातली गोष्ट वेगळी आहे. माझा आजा हरेश्वर सांगतो, वाडीची विहीर त्याआधीच खारी झालेली. समुद्र आत घुसला, प्यायला पाणी नाही, लोक डबक्यातलं पाणी पीत होते, अंगात जोर नव्हता. गाठ आली नसती तरी वाडी उठलीच असती. धोंडिराम आयता सापडला.

आता कोण खरं, ते सांगायला तेव्हाचं कोणी जिवंत नाही. पण दर माघी पौर्णिमेला त्याचा निकाल लागतो. त्या दिवशी दुपारी मोठी भरती असते, होडी तिवरांतून थेट जुन्या विहिरीपर्यंत जाते. प्रत्येक घर तांब्याभर गोडं पाणी घेऊन जातं आणि विहिरीत ओततं. विहिरीला पाणी पाजायचं असं म्हणतात. एकेक घर पुढे होतं, ठरलेल्या पाळीनं. आमचं घर शेवटी. आमची पाळी येईपर्यंत बाकीचे होड्यांत बसून वडे खात असतात. आजा एकटा काठाला उभा राहून पाणी ओततो आणि म्हणतो, "पी गो माय." बघायला मी असते फक्त.

मागच्या वर्षी रत्नामावशीचा नातू पिंटू होडीतून ओरडला, "गाठवाले, हात धुवून ओता." मी तांब्याच फेकून मारला त्याला. त्याच्या कपाळाला तीन टाके पडले. रत्नामावशी म्हणजे रत्नप्रभा, आमच्या मासळी बाजारातल्या बायकांची पुढारी. विहिरीवरच्या पाळीचं पण तीच बघते. ती मला काही बोलली नाही, आजाला बोलली. ते जास्त लागलं.

मग ह्या वर्षी गंधाली आली.

ती धक्क्यावर आली तेव्हा तिच्या पायात गमबूट होते आणि खांद्यावर दोन मीटरचा पीव्हीसी पाइप. जुन्या वाडीच्या बाजूला कोणी होडी नेईल का, असं विचारत फिरत होती. जाळी शिवत बसलेल्या एकानं पण मान वर केली नाही. मी शिवल्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, पाटी घेऊन चालले होते.

"तिथे काय पुरायचंय?" मी विचारलं.

"पुरायचं नाही, काढायचंय. चिखल."

"चिखल इथे पण आहे. घेऊन जा, फुकट."

"तिथला कोणी हलवलेला नाही. शंभर-दोनशे वर्षांचा एकावर एक बसलाय. इथला तुम्ही रोज तुडवता."

बरोबर होतं ते. मी पाटी खाली ठेवली.

ती मुलुंडची. पवईच्या मोठ्या कॉलेजात पीएचडी करते. पीएचडी म्हणजे काय, विचारलं तर म्हणाली, पाच-सहा वर्षं एकच प्रश्न विचारत बसायचं. मला ते भारी वाटलं. मला शाळेत एक प्रश्न दोनदा विचारू देत नव्हते. नववीत इतिहासाला प्रश्न होता, हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासाची पाच कारणं लिहा. पाऊस कमी झाला, नद्यांनी पात्र बदललं, पूर, रोगराई, व्यापार बसला. मी विचारलं, ह्यातलं आधी कोणतं? सर म्हणाले, क्रम विचारलेला नाही, कारणं विचारली आहेत. मी म्हटलं, पण पाऊस आधी गेला की रोग आधी आला, ते कळल्याशिवाय कारण कुठलं ते कसं कळणार? सर म्हणाले, खाली बस. मी बसले नाही. मग बरंच काय काय झालं, नकाशा फाटला, आणि मला सगळ्या वर्गासमोर चुकले म्हण म्हणाले. मी म्हटलं नाही. दप्तर तिथेच राहिलं, मी घरी आले. आई चार महिने बोलत होती, नंतर शिवल्या काढायला मदत होते म्हणून गप्प झाली.

ही गोष्ट मी गंधालीला होडीत सांगितली. आजाची होडी आता मीच चालवते, त्याला मोतीबिंदूमुळे दिसत नाही नीट. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तोच तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "तुझ्या सरांना सांग, त्यावर अजून मोठमोठे लोक भांडतायत."

"काय भांडतायत?"

"सिंधूकाठची शहरं घे. पाऊस कमी होत गेला. एका वर्षात नाही, कित्येक पिढ्या. नद्या बारीक झाल्या. आणि हडप्पात शेवटच्या काळातली जी हाडं सापडलीत, त्यांत कुष्ठरोग आणि क्षयाच्या खुणा आधीपेक्षा जास्त दिसतात."

"म्हणजे पाऊस आधी."

"तिथे तसं वाटतं. पण रोमवाल्यांचं बघ. त्यांच्याकडे एकदा थंडी पडली, उन्हाळ्यात पण ऊन नाही, पिकं गेली, आणि पाचेक वर्षांत प्लेग आला. थंडीमुळे आला, की यायचाच होता आणि लोक आधीच उपाशी होते म्हणून जास्त मेले? सांग तू."

"मला काय विचारतेस? पीएचडी तू करतेस ना."

"म्हणून तर चिखल काढायला आले."

तिला खाडीत कधी गोडं पाणी जास्त होतं आणि कधी खारं, ते शोधायचं होतं. गाळात बारीक बारीक जिवांची कवचं असतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यांच्यावरून कळतं म्हणे. मला दुसरंच सुचलं. मी होडी थांबवली.

"विहीर कधी खारी झाली ते कळेल?"

"कुठली विहीर?"

मग मी तिला धोंडिरामाचं सगळं सांगितलं. ती पाइप मांडीवर घेऊन ऐकत होती, मध्ये एकदा पण मोबाइल बघितला नाही.

"विहिरीचं नक्की नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण वाडीच्या बाजूचा गाळ काढला तर समुद्र कधी आत आला ते दिसू शकेल. आणि माणसं कधी गेली ते पण. चुलीतली राख, मासळीचे काटे, फुटकी मडकी, हे सगळं लोक कुठे टाकतात?"

"खाडीत. अजून पण."

"मग झालं तर."

ओहोटी लागल्यावर आम्ही वाडीच्या पायथ्याशी उतरलो. पाइप उभा धरून लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत चिखलात घातला. वरून बूच घट्ट लावलं आणि दोघींनी मिळून ओढला. पाऊण तास लागला. बाहेर आला तेव्हा असा आवाज झाला की दोघी पण हसत सुटलो. मग करवतीनं त्याचे चार तुकडे करायचे होते आणि प्रत्येक तुकड्याला दोन टोकांना दोन बुचं, एक काळं, एक लाल. पहिला तुकडा तिनं केला. दुसरा कापताना तिचा पाय मांडीपर्यंत रुतला, बूट आतच राहिला. तो काढायला ती अर्धी आडवी झाली आणि मला म्हणाली, "हेमांगी, त्याला बुचं लाव पटकन, सांडेल."

मी लावली. तिसरा, चौथा तिनं केला.

आठ दिवसांनी तिनं पवईला बोलावलं. बसनं साकीनाक्याला उतरून दुसरी बस. गेटवरचा वॉचमन मला आत सोडेना, हातात शिवल्यांची पिशवी होती म्हणून. मी भांडत होते तेवढ्यात ती आली. तिनं आत नेलं. खोलीत एसी, आणि टेबलावर आपला चिखल. पाइप उभे चिरले होते, भाकरी फाडावी तसे. एका खाली एक मांडलेले चार तुकडे. सगळ्यात वरच्या तुकड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे, गुटख्याची पुडी. मी म्हटलं, ही आपली संस्कृती. ती म्हणाली, हो, आपल्या ऱ्हासाची कारणं लिहायला सोपं जाईल.

खरी गोष्ट दुसऱ्या तुकड्यात होती. खालच्या टोकाशी बोटभर पांढरी वाळू, शिंपल्यांचा चुरा. वर चार बोटं नुसता राखाडी गाळ. त्याच्या वर काळा पट्टा, राखेचा, त्यात काटे आणि खापराचा एक तुकडा. आणि त्याच्या वर काही नाही.

"वाळू म्हणजे समुद्र आत आला," गंधाली म्हणाली. "राख म्हणजे माणसं. खालचं जुनं, वरचं नवीन. राख संपली तिथे माणसं गेली."

मी बोटानं हवेत मोजलं. वाळू खाली. राख वर.

"म्हणजे समुद्र आधी."

"असं दिसतंय खरं. अजून वय काढायचंय, नमुने सोमवारी पाठवणार आहे. आणि ह्या तुकड्याच्या कडा वरच्याखालच्याशी नीट जुळत नाहीयेत, करवतीनं चिखल फासला बहुतेक. पण हो."

मी फोटो काढला. परत येताना बसमध्ये तो दहा वेळा तरी बघितला असेल. घरी न जाता सरळ बाजारात गेले. रत्नामावशी पाटावर बसून सुरमई कापत होती, आजूबाजूला पाच-सहा जणी, पिंटू बर्फ फोडत होता.

"मावशी, बघ." मी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "हे खाली पांढरं, समुद्र. हे वर काळं, माणसं. समुद्र आधी आला. विहीर आधी खारी झाली. धोंडिरामानं वाडी नाही उठवली."

"काय दाखवते ती, खरवस?" पिंटू म्हणाला.

"तुझ्या कपाळाला अजून तीन टाके घालायला जागा आहे."

"गप रे तू," रत्नामावशी त्याला म्हणाली. तिनं हात फडक्याला पुसले, मोबाइल घेतला, लांब धरून बघितला. बराच वेळ. सुरमईवालं गिऱ्हाईक ताटकळलं.

"हे त्या मोठ्या कॉलेजातली बाय बोलली?"

"हो."

"बरं." तिनं मोबाइल परत दिला आणि कोयता उचलला. "माती बोलते तर मी कोण? यंदा गाठवाल्यांचं पानी पयलं. हरेश्वरला सांग."

मी आजाला सांगितलं तेव्हा तो ओट्यावर बसला होता. त्यानं आईला हाक मारली आणि चिंच मागितली. त्याचा तो तांब्या, मी फेकल्यामुळे एका बाजूला चेपलाय, तो घेऊन घासत बसला. डोळ्यांना दिसत नाही तर बोटांनी चाचपून घासत होता. दुसऱ्या दिवशी परत घासला. तिसऱ्या दिवशी पण.

पौर्णिमा रविवारी होती. शुक्रवारी दुपारी मी आणि आई शिवल्या उघडत बसलो होतो. माझं लक्ष अर्धं मोबाइलवर. परत तोच फोटो. मोठा करून बघत होते, राखेतला खापराचा तुकडा कशाचा असेल, मडकं की परात. करता करता बोट खाली सरकलं, मधल्या राखाडी गाळावर. तिथे शिवल्या होत्या. तीन. लहान, नखाएवढ्या, दोन्ही शिंपले बंद.

माझ्या हातात पण शिवलीच होती. मी तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे.

शिवली चिखलात उभी बसते. गोल बाजू खाली, तिथून पाय काढून ती आत रुतते. निमुळती बाजू वर, तिथून पाणी ओढते. ओहोटीला चिखलावर बारीक भोकं दिसतात ती तिचीच, तिथे बोट घातलं की निमुळतं टोक पहिलं लागतं. मी पाच वर्षांची असल्यापासून हे करते. लाटेनं लोळवली तर ती आडवी पडते, उघडते. पण बंद शिवली, जागच्या जागी मेलेली, ती तशीच उभी राहते, निमुळतं टोक वर.

फोटोत तिघींची निमुळती टोकं खाली होती.

"आई, शिवली डोक्यावर उभी राहते का कधी?"

"तू राहतेस का?" आई म्हणाली. "हात चालव."

एक उलटी असती तर मी सोडून दिलं असतं. तीनच्या तीन उलट्या नाही असू शकत. उलटा पाइप असू शकतो.

मग मला बुचं आठवली. गंधालीनं होडीत सांगितलं होतं, लाल म्हणजे खालचं टोक. सांगितलं होतं, मी ऐकलं पण होतं. पण तो चिखल, तिचा रुतलेला पाय, आणि हातात लाल बूच. आमच्याकडे जाळ्यासाठी समुद्रात खुंट ठोकतात तेव्हा लाल चिंधी वरच्या टोकाला बांधतात, दुसऱ्या होडीला लांबून दिसावी म्हणून. लाल वर. आजा, आजाचा बाप, सगळे असंच करत आले. माझ्या हातानं विचार न करता तेच केलं.

म्हणजे वाळू वर होती. राख खाली. माणसं आधी गेली. समुद्र नंतर आला.

मी उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. कोणाला कळणार होतं? गंधालीला कळलं नव्हतं. रत्नामावशीला फोटोत काळं-पांढरं दिसलं, शिवल्या दिसल्या नाहीत. आजाला तर काहीच दिसत नाही. बाहेरून तांब्यावर चिंच घासल्याचा आवाज येत होता. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला मला कोणी कधी सांगितलं नाही असं नाही. पण सोमवारी ती नमुने पाठवणार होती. उलटे. तिचा सहा वर्षांचा प्रश्न, आणि त्याला माझं लाल बूच.

आणि दुसरं पण होतं, खरं सांगायचं तर. मला जाणून घ्यायचं होतं. मी सगळ्या वर्गासमोर आधी कोणतं, आधी कोणतं म्हणून भांडले, आणि आता आधी कोणतं ते कळलं तर ते मला नको होतं.

फोन लावला.

"ताई, तो दुसरा तुकडा उलटा आहे."

"काय?"

मी शिवल्यांचं सांगितलं. खुंटाचं सांगितलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, दार, एसीची घरघर. पाच मिनिटं तरी मी नुसता फोन कानाला धरून होते.

"फिरवून ठेवला," ती म्हणाली. "कडा जुळल्या. दोन्हीकडच्या." मग श्वास सोडला. "आठवडाभर मी ह्याच्यावर लिहीत बसलेय, हेमांगी."

"मी लावलं चुकीचं. चुकले मी."

हा शब्द माझ्या तोंडून निघाला ते मला फोन ठेवल्यावर कळलं.

"पाइपवर बाण काढायचा असतो," ती म्हणाली. "मी नाही काढला. बुटाच्या मागे लागले. बरं झालं सोमवारच्या आत बोललीस." आणि मग, "पण तुझ्या घरासाठी…"

"माहितेय."

"मातीत फक्त एवढंच आहे की माणसं आधी गेली. रोग कोणी आणला ते तिथे लिहिलेलं नाही. तसं लिहिलेलं नसतंच."

"मधला गाळ," मी विचारलं. "चार बोटांचा. तो किती वर्षांचा?"

"वय आल्याशिवाय नक्की नाही सांगणार. पण इथे गाळ ज्या वेगानं बसतो ते धरलं तर दहा वर्षं तरी. पंधरा पण असतील."

आजाला सांगायला शनिवार उजाडला. मी त्याच्या बाजूला ओट्यावर बसले आणि सगळं सरळ सांगून टाकलं, बूच, खुंट, शिवल्या. तो तांब्या मांडीवर धरून ऐकत होता. मला वाटलं रागवेल. मग वाटलं रडेल. तो अंगठ्यानं तांब्याचा चेपलेला भाग दाबत राहिला.

"लाल वर," तो म्हणाला. "तुझा हात बरोबर गेला. आपल्यात लाल वरच."

"आजा, पण मग आपण शेवटी."

"ते ऱ्हाव दे." त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं, डोळे भलतीकडेच होते. "मना सांग, मानसं गेली तवा विहीर गोडी व्हती?"

"हो. समुद्र नंतर आला."

"किती नंतर?"

"दहा वर्षं. जास्त पण असेल."

"ताप धा वर्षं नाय ऱ्हात कुठं," आजा म्हणाला. तो आता माझ्याशी बोलत नव्हता. "वरीस-दोन वरीस. मंग परत कं नाय आले?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी दोन दिवस आधी कोणतं एवढंच करत होते. मधल्या चार बोटांत काय झालं ते मी बघितलंच नव्हतं, जिथे शिवल्या होत्या तिथे.

रविवारी दुपारी भरतीला सगळ्या होड्या निघाल्या. तिवरांत शिरल्यावर इंजिनं बंद करून काठीनं रेटत जावं लागतं. विहीर म्हणजे दगडी कडं फक्त, अर्धं गाळात. सगळे चिखलातल्या फळ्यांवर उभे राहिले. रत्नामावशीनं आजाला हात धरून पुढे आणलं. "चल हरेश्वर. पयलं तुझं."

"नाय," आजा म्हणाला. "पोरीला काय बोलायचंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पिंटू फळीच्या टोकाला उभा होता, कपाळावर पांढरी रेघ. मी रत्नामावशीकडे बघून बोलले, कारण दुसऱ्या कोणाकडे बघितलं असतं तर भांडण झालं असतं.

"मी दाखवलं ते उलटं होतं. पाइपला बूच मी चुकीचं लावलं. माणसं आधी गेली, समुद्र नंतर आला. आमच्या घराची गोष्ट खोटी."

"म्हणजे आम्हीच खरं," पिंटू म्हणाला.

"अर्धं. गाठीनं माणसं गेली असतील, धोंडिरामानं आणली पण असेल, मातीत ते नाही दिसत. पण नंतर दहा वर्षं समुद्र आत आला नव्हता. विहीर गोडी असणार. कोणी आलं नाही. आजा विचारतो, का नाही आले?"

पाणी फळ्यांखाली डुचमळत होतं. एका होडीत कुणीतरी वड्यांचा डबा उघडला होता, तो परत लावला.

"आणि मग समुद्र कसा आला?" मी म्हटलं. "इतकी वर्षं नव्हता आला, तेव्हाच कसा?"

हे मी खरंच विचारत होते, मला माहीत नव्हतं. रत्नामावशी विहिरीच्या मागे, तिवरांकडे बघत होती.

"बांध व्हता," ती हळू म्हणाली. "माझी सासू सांगायची. खाडीच्या बाजूनं मातीचा बांध. घरटी सोळा-सोळा हात. दर साली पावसाळ्याआधी ज्याचा त्यानं लिंपायचा. नाय लिंपला तर उधाणाला फुटायचा."

"मग कोणी लिंपला नाही."

"कोन लिंपनार? इथं कोन व्हतं?"

"कोणीच नव्हतं. तेच म्हणते मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. बाजारात गिऱ्हाईक जास्त घासाघीस करतं तेव्हा बघते तसं. मला वाटलं आता ऐकवणार. तिनं कमरेचा पदर घट्ट केला आणि म्हणाली, "पाळी हाय तीच ऱ्हाईल. गाठवाले शेवटी. मी बोलले व्हते, पन मातीनं फिरवलं."

"हो," मी म्हटलं.

मग एकेक घर पुढे झालं. तांब्या रिकामा झाला की लोक नेहमी होड्यांकडे जातात. रत्नामावशीनं पहिलं पाणी ओतलं आणि बाजूला फळीवर उभी राहिली. ती गेली नाही म्हणून पिंटू पण गेला नाही. मग बाकीचे कसे जाणार? शेवटी आजा काठाला गेला तेव्हा सगळे तिथेच होते, रिकामे तांबे हातात धरून. आजाला दिसत नव्हतं, पण पायांच्या आवाजावरून कळलं असावं. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला. मग पाणी ओतलं.

"पी गो माय."

मी पिशवीतून दोरी बांधलेली बाटली काढली आणि विहिरीत सोडली. गंधालीनं सांगितलं होतं, जमलं तर आण.

"आता काय?" पिंटू म्हणाला.

बाटली वर आली. मी एक घोट घेतला. दरवर्षी सगळे ह्या विहिरीत पाणी ओततात, तिचं कोणी कधी चाखून बघितलं नव्हतं.

"कसं हाय?" आजानं विचारलं.

"खारं. पण समुद्राएवढं नाही."

आजानं हात पुढे केला, मी बाटली दिली. त्यानं चाखलं, मग रत्नामावशीकडे धरली. तिनं पण घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी," मी विचारलं, "आमचे सोळा हात कुठले होते?"

तिनं तिवरांच्या दिशेनं हनुवटी केली. "तो उंचवटा दिसतो? तिथून पलीकडं कुठंतरी. नक्की कुनाला ठाव?"

भरती उतरायला अजून तासभर होता. मी चप्पल काढून फळीवर ठेवली आणि बघायला निघाले. मागे चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. मला वाटलं आजा, पण तो पिंटू होता.

"आमचे तुमच्या बाजूलाच असतील," तो म्हणाला. "सरक जरा."